गळ्यातलं मेज

कातेल्लो इम्पारातोने आयुष्यात इतके चिनी घडवले होते की त्याची बायको कार्मोसिना म्हणायची, "तुमचे सगळे चिनी गल्लीत आणून सोडले ना, तर आपल्याला घरात शिरायला वाट उरायची नाही." नेपल्सच्या वरच्या अंगाला, टेकडीवरच्या राखीव वनात, चिनी मातीची भांडी आणि बाहुल्या करण्याचा राजाचा कारखाना होता. तिथे फुलदाण्या व्हायच्या, तपकिरीच्या डब्या व्हायच्या, हातातल्या काठ्यांच्या मुठी व्हायच्या. कातेल्लोच्या वाट्याला मात्र चिनीच आले होते. छत्री धरलेले, खांद्यावर माकड बसवलेले, बासरी वाजवणारे, एकमेकांची वेणी ओढणारे, चिनी मातीचे चिनी. गाल फुगीर, मिशा उंदराच्या शेपटीसारख्या, डोळे म्हणजे दोन तिरक्या रेघा, आणि तोंडावर हसू. न हसणारा चिनी त्याने कधी केलाच नव्हता, कारण तसा कुणी मागितलाच नव्हता.

खरा चिनी माणूस त्याने पाहिलेला नव्हता. टेकडीच्या उतारावर चिनी विद्यालय होतं. दूर देशाहून आणलेल्या पोरांना तिथे शिकवून, पाद्री करून परत पाठवतात हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ती पोरं काळे झगे घालून, रुंद टोप्यांखाली माना खाली घालून ओळीने फिरायला निघायची. कातेल्लो त्यांच्या बाजूने कितीदा तरी गेला असेल. पण चिनी म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे रेशीम यायचं, घुंगरं यायची. काळा झगा यायचा नाही. त्यामुळे ते त्याला दिसूनही दिसले नव्हते.

त्याचे चिनी यायचे चित्रांतून. कारखान्याचा कारभारी लिबेरातो याच्याकडे एक पेटी भरून छापील चित्रं होती, प्रवाशांच्या पुस्तकांतून कापून घेतलेली, कडा कुरतडलेली. त्यातल्याच एका चित्रात एक माणूस जमिनीवर बसला होता आणि त्याच्या गळ्याभोवती भलीमोठी चौकोनी फळी होती. फळीच्या मधोमध भोक, भोकातून डोकं वर. फळीवर काही अक्षरं की नक्षी. शेजारी एक लहान पोरगा टाचा उंचावून त्या माणसाच्या तोंडाला काहीतरी लावत होता. मागे छत्र्या घेतलेली माणसं उभी.

कातेल्लो त्या चित्रावर बराच वेळ अडला होता. मग त्याने आपल्या मनाशी उलगडा केला की त्या देशात बडी माणसं मेज गळ्यातच घालून फिरत असतील. भूक लागली की जेवायला बसायचीच खोटी. चित्रकार सोस्सियो, जो त्याच्या बाहुल्यांना रंग द्यायचा, तो हसून हसून खाली बसला. "मास्तर, हे आपल्याकडे यायला पाहिजे. माझी सासू उठणारच नाही जेवणावरून."

तशी बाहुली झाली. गळ्यातल्या मेजाच्या काठाला सोस्सियोने सोनेरी झालर काढली. फळीवरच्या अक्षरांच्या जागी वेलबुट्टी आली. माणसाला लठ्ठ केलं, तोंड हसरं केलं, आणि पोराच्या हातात एक लालचुटूक चेरी दिली. मेज खरोखरीचं होतं. त्यावर साखरेत घोळवलेले बदाम ठेवता यायचे. राजवाड्यात ती बाहुली इतकी आवडली की तसल्या किती केल्या याला गणती नाही. जेवणानंतर ती मेजावर आली की पाहुणे टाळ्या वाजवत, असं लिबेरातो सांगायचा. भट्टीत तळाला तडकलेली एक कातेल्लोला घरी नेऊ दिली होती. मुलीच्या, तेक्लाच्या लग्नात कार्मोसिनाने तीच मिरवली होती. सगळी आळी त्या फळीवरचे बदाम उचलून तोंडात टाकत होती.

मग राणीसाठी समुद्रकाठच्या राजवाड्यात एक अख्खी खोलीच चिनी मातीची करायचं ठरलं. भिंती चिनी मातीच्या, आरशांच्या चौकटी चिनी मातीच्या, भिंतींतून बाहेर आलेले वेल, माकडं, पक्षी आणि चिनी. माणसं दिवस न् दिवस भट्टीपाशी राबत होती. दाराच्या समोरच्या भिंतीवर, अगदी मधोमध, गळ्यात मेज घातलेला तो लठ्ठ चिनी मोठा करून बसवायचा होता. आणि जागोजागी गुंडाळ्या उलगडल्यासारखे कागद, तेही मातीचेच, त्यांवर चिनी अक्षरं.

आतापर्यंत अक्षरं सोस्सियो मनानेच काढायचा. पण दरबारात कुणीतरी म्हणालं की चिनी विद्यालय हाकेच्या अंतरावर असताना राणीच्या भिंतीवर खोटी अक्षरं कशाला. म्हणून लिबेरातोने निरोप पाठवला, आणि एका सकाळी साबिनो लिन नावाचा विद्यार्थी टेकडी चढून आला. लवकरच त्याला दीक्षा मिळायची होती.

त्या सकाळी कारखान्यातलं कुणी कामावर नव्हतं, सगळे दारात होते. कातेल्लोने तर धुतलेला सदरा घातला होता. दारातून आला तो एक सडपातळ, दाढी-मिशी नसलेला, घामाघूम झालेला तरुण. टोपीने वारा घेत तो म्हणाला की हा चढ तुम्ही रोज चढत असाल तर तुम्हाला वेगळी प्रायश्चित्तं देऊ नयेत असं मी आमच्या गुरुजींना सांगेन. आणि हे तो बोलला ते खालच्या सानिता मोहल्ल्यातला भाजीवाला बोलतो तसं, तेच तोडलेले शब्द, तोच हेल. लहानपणापासून इथेच वाढलेला तो.

कातेल्लोला पहिला धक्का बसला तो हा. चौदा-पंधरा वर्षं ज्या माणसाची तो वाट पाहत होता, तो अगदी शेजाऱ्यासारखा निघाला. त्याने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. त्या रेघा नव्हत्या. डोळे होते.

टकल्या सोस्सियोला राहवलं नाही. "काय पाद्रीबाबा, वेणी नाही आणलीत?"

"आणणार होतो," साबिनो म्हणाला. "पण तुमच्याकडे बघून वाटलं, कशाला कुणाच्या जखमेवर मीठ चोळा."

सगळा कारखाना हसला. सोस्सियोच सगळ्यात जास्त हसला आणि त्याने साबिनोला बसायला स्वतःचं स्टूल दिलं. मग त्याने आपली आजवरची अक्षरं पुढे केली आणि यात काय लिहिलंय ते सांगा म्हणाला. साबिनोने मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाला, लिहिलेलं काही नाही, पण जोराचा पाऊस पडतोय असं वाटतं. पुन्हा हशा. असं बराच वेळ चाललं. त्याने ब्रश मागितला, हात साफ केला आणि एका गुंडाळीवर राजाच्या स्तुतीच्या दोन ओळी लिहिल्या. त्याचा हात चालताना पाहून सोस्सियो गप्प झाला.

तेवढ्यात लिबेरातो मेज घातलेल्या चिनी माणसाची बाहुली घेऊन आला. ती साबिनोपुढे ठेवून तो म्हणाला की भिंतीवर हीच मोठी होणार आहे, मातीत तयार आहे, भाजून झाली की या मेजावरही काहीतरी गोडसं लिहायचंय.

साबिनोने बाहुली हातात घेतली नाही. तो वाकला आणि तसाच वाकून राहिला. लोकांना वाटलं, आता हा विनोद करणार. काहींची तोंडं आधीच हसायला लागली होती.

"ही कुणी केली?" त्याने विचारलं.

कातेल्लो पुढे झाला. आपली तारीफ होणार असंच त्याला वाटत होतं.

"मास्तर, हे काय आहे असं वाटलं तुम्हाला?"

"मेज," कातेल्लो म्हणाला. "जेवायचं."

"हा खोडा आहे."

कुणाला कळलं नाही. साबिनो सरळ झाला आणि हळू आवाजात, जणू धडा समजावून देतोय तसा, बोलू लागला. कैद्याला हा गळ्यात घालतात. जड असतो. याच्यासकट निजता येत नाही. दिवसा वेशीच्या दारात बसवून ठेवतात, म्हणजे येणारे-जाणारे बघतात. आणि फळी मुद्दाम इतकी रुंद करतात की माणसाचा हात स्वतःच्या तोंडापर्यंत पोचत नाही. "कुणी भरवलं तर जेवायचं. नाही भरवलं तर नाही. फळीवर जे लिहिलेलं असतं ना, तो गुन्हा."

मागे कुणाच्या तरी हातातलं ताट भुईवर आपटलं. लिबेरातोने घसा खाकरला आणि म्हणाला की असेल बुवा, तुमच्याकडे असेल तसं.

साबिनोने बोट पुढे केलं. बाहुलीला ते लावलं नाही, पण चेरी धरलेल्या त्या पोराच्या अगदी जवळ नेलं.

"हा मी आहे," तो म्हणाला.

कातेल्लोने नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं, पण त्यापुढे आपण काय बोललो, बोललो की नाही, हे त्याला कधीच आठवलं नाही. बाकीचं साबिनोने थोडक्यात सांगितलं, तेही विचारलं म्हणून. फुजियान प्रांतातल्या एका खेड्यात त्याचा बाप लोकांना येशूचा धर्म शिकवायचा. बादशहाची बंदी आली तेव्हा त्याला धरलं. थंडीचे दिवस होते. आई आजारी, म्हणून भाताची वाटी घेऊन वेशीवर हा जायचा. टाचा उंच करूनही पोचायचा नाही, म्हणून एक दगड शोधून ठेवला होता, त्यावर चढायचा. एका सकाळी घास लावला तर तोंड उघडेना. पुढे मामाने त्याला मकाव बंदरात पळवून नेलं, तिथून जहाज, तिथून इथे.

एवढं सांगून त्याने ब्रश उचलला आणि उरलेल्या गुंडाळ्या लिहून पुऱ्या केल्या. जाताना सोस्सियोला म्हणाला, ब्रश छान आहे.

कातेल्लो उतार उतरून घरी आला तेव्हा तेक्ला माहेरी आली होती आणि तिची छोटी बेत्ता जमिनीवर फतकल घालून बसली होती. पुढ्यात ती तडकलेली बाहुली. कार्मोसिनाने फळीवर सुक्या अंजिराचे तुकडे ठेवले होते आणि बेत्ता एक स्वतः खात होती, एक त्या चिनी माणसाच्या तोंडाला लावत होती. "खा," म्हणत होती. "खा ना."

कातेल्लोने झेप घालून बाहुली उचलली. बेत्ता घाबरून रडायला लागली. कार्मोसिना चुलीपाशून धावत आली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून थबकली. इतक्या वर्षांच्या संसारात तिने हे तोंड पाहिलं नव्हतं.

"अहो, झालं काय? कुणी गेलं का?"

त्याने सांगितलं. सांगताना त्याला तेक्लाचं लग्न आठवत होतं, आणि ओळखीचा एकेक हात त्या फळीवर येऊन बदाम उचलताना दिसत होता. कार्मोसिना ऐकता ऐकता खाली बसली. तिने विचारलं, "मग तुम्ही त्याला हसवलंत कशाला?"

चित्रातला माणूस हसत होता की नव्हता, हे आता त्याला सांगता आलं नसतं. त्याने ते तोंड कधी नीट पाहिलंच नव्हतं. बाहुली त्याने एका जुन्या पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. त्या रात्री तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने लिबेरातोला गाठून सांगितलं की भिंतीवरचा तो चिनी काढा, त्या जागी मी दुसरं काहीही करून देतो. लिबेरातो वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या डोक्यावर राजवाडा होता. तो म्हणाला की मास्तर, आपण कारखान्यातले सोडून कुणाला कळणार आहे? आणि वरून खास मागणी आहे. काय कारण सांगू, की आम्ही इतकी वर्षं तुमच्या जेवणात कैदी वाढत होतो?

मग कातेल्लो चिनी विद्यालयात गेला. दारावरच्या पाद्र्याने बरीच चौकशी करून त्याला अंगणात बसवलं. साबिनो आला. कातेल्लोने माफी मागायची असं ठरवून शब्द जुळवून आणले होते, ते सगळे विसरला आणि भलतंच बोलला. म्हणाला की मी त्या फळीवाल्याला फोडून टाकतो, कारभारी काही का म्हणेना, मोठाही फोडतो, साचाही फोडतो.

साबिनो त्याच्या शेजारी बसला. मग म्हणाला, "नका फोडू. कुणीतरी बाबांना राजवाड्यात बसवतंय. बसू दे की." आणि थोडं थांबून, "फक्त ते हसत नव्हते, मास्तर."

तेव्हा कातेल्लोला आपलं काम समजलं. मोठ्या मूर्तीचं डोकं वेगळं करून बसवतात; माती अजून कच्ची होती. नवं डोकं करायचं. त्याने विचारलं की वडील दिसायला कसे होते ते सांगा, मी हुबेहूब करतो.

साबिनोने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. काल बाहुली पाहूनही तो असा झाला नव्हता.

"मला आठवत नाही," तो म्हणाला. "तोंड आठवतं. उघडलेलं. दाढीला चिकटलेली शितं आठवतात. बाकी... मी तोंडाकडेच बघायचो ना. सांडू नये म्हणून."

अंगणातल्या विहिरीवर कुणी पाणी काढत होतं. शेवटी कातेल्लोच म्हणाला की मग तुम्हीच बसा माझ्यापुढे. बापाचं तोंड पोरात असतंच कुठेतरी. माझी तेक्ला हसली की माझी आई दिसते, आणि माझी आई गेली तेव्हा तेक्ला जन्मलीही नव्हती.

गुरुजींनी परवानगी दिली. साबिनो कारखान्यात येऊन कातेल्लोपुढे बसू लागला. पहिल्या दिवशी कातेल्लोच्या बोटांनी सवयीने गाल फुगवले, डोळ्यांच्या रेघा ओढल्या, आणि तो दचकून थांबला; त्याने ती माती चेपून टाकली. दुसऱ्यांदाही तेच झालं. हात ऐकेनात. इतक्या वर्षांत बोटांना फक्त एकच चिनी येत होता आणि तो समोर बसलेला नव्हता. मग त्याने साबिनोला विचारलं की हात लावू का. त्याने मान हलवल्यावर कातेल्लोने आंधळ्यासारखे डोळे मिटून त्याच्या कपाळावरून, गालाच्या हाडांवरून, जबड्यावरून अंगठे फिरवले, आणि डोळे न उघडता मातीवर तेच केलं. त्यातून चेहरा यायला लागला. मग त्यात वय घातलं, खुरटी दाढी घातली, थंडी घातली. तोंड अर्धवट उघडं ठेवलं.

पोराच्या हातातली चेरी त्याने काढली आणि तिथे एक वाटी दिली. पायाखाली दगड दिला. कुणी सांगितलं नव्हतं, पण सोस्सियोनेही सोनेरी झालर काढली नाही. फळी नुसती लाकडाच्या रंगाची ठेवली.

भाजून झाल्यावर साबिनो शेवटचा आला. आता फळीवर अक्षरं लिहायची होती. तो मूर्तीपुढे उभा राहिला. हे चुकलंय असं तो म्हणाला असता, तर पुन्हा करायला वेळ नव्हता. साबिनोने ब्रश घेतला आणि फळीवर तीन अक्षरं लिहिली. कारभाऱ्याने अर्थ विचारला तेव्हा म्हणाला, दीर्घायुष्य. लिबेरातो गेल्यावर त्याने कातेल्लोला सांगितलं की हे नाव आहे. बाबांचं. वेशीवरच्या फळीवर गुन्हा मोठ्या अक्षरांत होता आणि नाव कोपऱ्यात. इथे नावच आहे.

लिबेरातोने चेहरा नीट पाहिला तेव्हा कपाळाला आठ्या घातल्या. पण दरबाराची घाई इतकी होती की तो म्हणाला, एवढ्या गर्दीत एक हसत नसला तर कोण बघतंय, चला, गाडीत भरा.

त्यानंतर लवकरच साबिनोला दीक्षा मिळाली आणि परत जायचा हुकूम आला. कातेल्लो आणि कार्मोसिना बंदरावर गेले. कार्मोसिनाने त्याला मिरी घातलेल्या, चकलीसारख्या कडक तराल्लींची पिशवी दिली आणि जहाजावरच्या हवेत त्या मऊ पडतील म्हणून कशा बांधून ठेवायच्या ते दोनदा सांगितलं. त्या देशात आता पाद्री सापडला तर काय करतात, हे तिघांनाही ठाऊक होतं. साबिनो म्हणाला की मास्तर, ती खोली लावून झाली की एकदा जाऊन बघा आणि माझ्या वतीने नमस्कार करा. कातेल्लोने कबूल केलं.

खोली लागली. दरबाराने पाहण्याआधी कारागिरांना कोपऱ्यात उभं करण्यात आलं, काही निखळलं-बिखळलं तर हाताशी असावेत म्हणून. सगळीकडे मेणबत्त्या, आरसे, आणि आरशांत पुन्हा तीच माकडं, तेच पक्षी, छत्र्या, हसणारे चिनी. व्यवस्था बघणारा एक बडा सरदार आधी फेरी मारायला आला. छडीने एकेक दाखवत, हसत, बरोबरच्यांशी बोलत तो चालला होता. समोरच्या भिंतीपाशी आला आणि थांबला. त्याचं हसू एकदम गेलं. तिथे, सगळ्या नाचगाण्याच्या मधोमध, एक माणूस तोंड अर्धवट उघडून बसला होता आणि खोलीत शिरणाऱ्या प्रत्येकाकडे बघत होता.

"ही कुणाची मयत आणून बसवलीत इथे?" सरदार म्हणाला.

लिबेरातो पुढे होऊन काहीतरी सांगू लागला, पण सरदाराने ऐकून घेतलं नाही. त्याने फक्त छडी वर करून काढा म्हटलं आणि तो पुढच्या पक्ष्याकडे वळला. गवंडी छिन्न्या घेऊन आले. कातेल्लोने मध्ये पडून हात जोडले की मला काढू द्या, मी अख्खा काढतो. पण कुणीतरी त्याला दंडाला धरून मागे ओढलं. चिनी माती ती, पहिल्याच ठोक्याला गेली. डोकं भिंतीवरून सुटून खाली फरशीवर पडलं. आवाज किती छोटासा झाला, हेच कातेल्लोच्या मनात राहिलं. तुकडे टोपलीत झाडून नेले. त्या जागी संध्याकाळच्या आत झांजा वाजवणारं माकड बसलं.

घरी येऊन तो कार्मोसिनाला म्हणाला, "मी नमस्कार पण केला नाही." तिने त्याच्या सदऱ्यावरची पांढरी धूळ झटकली. साबिनो तेव्हा कुठल्या तरी समुद्रावर होता, आपला बाप राजवाड्यात बसलाय असं समजून. त्याला कळवायला वाट नव्हती, आणि असती तरी कातेल्लोने कळवलं नसतं.

त्याला कामावरून काढलं नाही, पण मूर्तींवरून काढलं. तो काठ्यांच्या मुठी करू लागला. वर्षही उलटलं नसेल, राजा स्पेनच्या गादीवर बसायला निघाला आणि आपला लाडका कारखानाही बरोबर घेऊन निघाला. निवडक कारागीर, माती, साचे, जे जहाजात मावेल ते. आणि जे मावणार नाही ते फोडून टाकायचं, म्हणजे मागे दुसऱ्या कुणाला इथे काही करता येऊ नये. कातेल्लोचं नाव निवडकांत नव्हतं. त्याच्या हातात हातोडा दिला.

भट्ट्या फुटत होत्या. इतकी वर्षं ज्या भट्टीपुढे उभे राहिले तीच म्हातारे कारागीर फोडत होते. कातेल्लोलाही वाईट वाटत होतं, पण मनाच्या एका कोपऱ्यात त्याला एक घाई होती. हसऱ्या फळीवाल्याचा साचा आता आपल्या हाताने फुटणार. त्याने चिनी साच्यांचं फडताळ आपल्याला द्या असं मागून घेतलं आणि आत गेला. छत्रीवाल्याचा साचा होता, बासरीवाल्याचा होता, त्यांच्यामध्ये धुळीत एक स्वच्छ चौकोन होता.

त्याला वाटलं, आपण जागा चुकलो. त्याने सगळे कप्पे पाहिले, खाली वाकून पाहिलं. सोस्सियो दारात येऊन उभा राहिला. तो निवडकांत होता. त्याची बोचकी बांधून झाली होती.

"तो नाही तिथे, मास्तर," सोस्सियो म्हणाला. "पहिल्याच पेटीत गेला. तिकडे नव्या दरबारात पहिल्यांदा तोच करायचाय म्हणे."

कातेल्लोने हातोडा खाली ठेवला.

"तुला माहीत आहे ते काय आहे," तो म्हणाला.

"आहे ना."

"आणि तू रंगवशील."

सोस्सियोने टकलावरून हात फिरवला. त्याला सात पोरं होती. "झालर नाही काढणार," तो म्हणाला, आणि मग स्वतःलाच ते पटलं नसावं, कारण तो खाली बघत निघून गेला. त्यांची पुन्हा भेट झाली नाही.

कातेल्लो त्या संध्याकाळी बंदरावर गेला. पेट्या गलबतांवर चढवत होते, सगळ्या सारख्या, गवत भरलेल्या, खिळे ठोकलेल्या. कुठल्या पेटीत तो साचा आहे हे सांगता येणं शक्य नव्हतं. एका हमालाने त्याला बाजूला हो म्हणून दरडावलं. तो बाजूला झाला.

पुढे त्याला खालच्या गावात, नाताळच्या देखाव्याच्या मातीच्या बाहुल्या करणाऱ्या एका दुकानात काम मिळालं. दुकानदाराला त्याची ख्याती ठाऊक होती. त्याने सांगितलं की बाळ येशूला भेटायला येणाऱ्या पूर्वेकडच्या तीन राजांच्या मागे मिरवणूक असते, त्यात झकास चार चिनी टाका. कातेल्लो नाही म्हणाला. बाजारातली माणसं करतो, म्हणाला, मेंढपाळ, मासळीवाले, जे म्हणाल ते. दुकानदाराला ते विचित्र वाटलं, पण हात चांगला होता म्हणून त्याने वाद घातला नाही.

पहिल्याच नाताळाला त्याने आळीच्या तोंडाशी भाजलेल्या चेस्टनट विकणारी पोर्त्सिया केली, शेगडीसकट. ती दुकानात मांडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच पोर्त्सिया कमरेवर हात ठेवून दारात उभी.

"काय हो मास्तर, माझं नाक एवढं आहे?"

कातेल्लोने हातातलं काम खाली ठेवलं. तिला उजेडात बसवलं, बराच वेळ पाहिलं. नाक खरंच थोडं मोठं झालं होतं. त्याने तिला तसं सांगितलं, ओली माती घेतली, आणि ती समोर बसून, अजून जरा, अजून जरा, म्हणत असताना ते कमी करायला लागला.